औषध मुरण्याआधी

इस्पितळातल्या एमआरआय विभागात त्यांना सगळे मामा म्हणायचे. सख्खी भाची एकच, आणि तीही फोन करायची ती स्वतःचं काही काम अडलं तरच. पण लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे ते मामा. पेशंटसुद्धा आत जाताना ‘अहो’ म्हणायचे आणि बाहेर पडताना ‘मामा’.

मामांची नोकरी सुरू झाली ती एक्स-रेच्या काळ्या खोलीत. तेव्हा फिल्म हातांनी धुवाव्या लागत. त्या रसायनांचा वास अंगाला असा चिकटायचा की लग्नानंतर मामी त्यांचे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायच्या. ‘मी माणसाशी लग्न केलंय की बाटलीशी?’ असं विचारायच्या. पुढे फिल्म गेल्या, काळी खोली गेली, तिथे झाडू-बादल्या ठेवायला लागले. मामांनी चाळिशी उलटल्यावर पुन्हा पुस्तकं हातात घेतली, आपल्या लेकीच्या वयाच्या मुलींशेजारी बसून परीक्षा दिली आणि एमआरआयचं मशीन शिकले. पास झाले तेव्हा मामींनी ही बातमी शेजारच्यांना इतक्यांदा सांगितली की मामाच लाजून मागच्या जिन्याने ये-जा करायला लागले.

पण त्यांचं खरं कसब मशीन चालवण्यात नव्हतं. ते होतं माणूस आत टिकवण्यात. त्या बोगद्यात एकदा सरकवलं की भले भले रडकुंडीला येतात. मामा काचेच्या या बाजूला बसून माइकवर बोलत राहायचे. "आता ठोकाठोकी सुरू होईल हं. घाबरू नका, त्याला लहानपणी कुणी वळण लावलेलं नाही." मग कुणाच्या नातवंडांची चौकशी, कुणाला घरचं मांजर आज कुणाकडे सोडलंत असा प्रश्न. बघता बघता वेळ निघून जायचा. ‘मामा असतील त्याच दिवशी येते’ असं सांगणाऱ्या बायका होत्या. मामांना हे माहीत होतं, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना ते फार आवडायचं.

दुसऱ्या पाळीचे तंत्रज्ञ नेमके उलट. त्यांना नाव पडलं होतं हेडमास्तर. हेडमास्तर माइकवर एकच वाक्य बोलायचे, "हलू नका." पेशंट हलला की तेच वाक्य, रडला तरी तेच, त्याच आवाजात. मामा त्यांची नक्कल करून नर्सना पोट धरून हसवायचे. हेडमास्तर समोर असले तरी करायचे. हेडमास्तर निमूटपणे डबा उघडून जेवत बसायचे.

आता हृदयाचा एमआरआय हे काम मोठं कटकटीचं. गुडघ्याला गप्प पडून राहा म्हटलं की तो राहतो. हृदय कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून छातीवर तारांची बटणं चिकटवायची, मशीनने ठोक्यांच्या तालावर फोटो घ्यायचे, आणि प्रत्येक फोटोला पेशंटने श्वास सोडून तसाच धरून ठेवायचा. छातीला मार बसलेल्या माणसाची आणखीच पंचाईत. हृदयाच्या स्नायूला मुका मार लागला तर वरून काहीच कळत नाही. मग शिरेतून एक औषध सोडतात. ते आधी सगळीकडे पसरतं. चांगल्या स्नायूतून हळूहळू धुऊन निघतं आणि दुखावलेल्या जागी अडकून राहतं. रंग सांडलेला कपडा खळबळला की बाकी कापड स्वच्छ होतं आणि डाग तेवढा उरतो, तसंच. पण खळबळायला वेळ द्यावा लागतो. औषध दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं थांबायचं असतं. त्याआधी घाई केली तर चांगलं आणि दुखावलेलं एकसारखंच दिसतं. वर मशीन थोडं इकडेतिकडे जुळवलं की फोटो इतका नितळ येतो की बघणाऱ्याचा जीव भांड्यात पडावा.

मामा हे नव्या मुलांना शिकवायचे. "इथे काही करायचं नाही," म्हणायचे, "आणि हेच सगळ्यात अवघड काम आहे."

शुक्रवारी दुपारी जो पेशंट आला तो ड्रायव्हर होता. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, पण चालताना एक हात बरगडीवर दाबून धरलेला. बायको बरोबर होती, नवऱ्याच्या चपला स्वतःच्या हातात घेऊन. काही आठवड्यांपूर्वी रिकामी गाडी परत नेताना समोरून एक ट्रक उलट्या बाजूने आला आणि ह्याची छाती स्टिअरिंगवर आपटली. बरगड्यांना चिरा गेल्या, त्या भरत आल्या होत्या. पण मधूनच छातीत फडफडायचं, आणि एकदा तर जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो खालीच बसला होता. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की एमआरआय स्वच्छ आला तरच कामावर जायचं.

"मामा, तुमचं नाव ऐकून आलोय," तो म्हणाला. "मला बंद जागेची फार भीती वाटते. लिफ्टनेसुद्धा जात नाही मी."

"मग तुमचं-माझं जमेल," मामा म्हणाले. "मलाही त्यात घातलेलं चालायचं नाही. म्हणून तर मी बाहेर बसतो."

तो हसला आणि हसताना कळवळला.

आत गेल्यावर छातीवर फोटो टिपणारी मोठी पाटी ठेवली तेव्हाच त्याच्या कपाळावर घाम आला. श्वास सोडून धरा म्हटलं की दोन क्षणांत बरगडी कळ मारायची आणि श्वास सुटायचा. फोटो फरकटले. पुन्हा घेतले, पुन्हा फरकटले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी तेवढी नीट दिसली, ती ठणठणीत होती. स्नायूची सूज दाखवणारे फोटो मात्र पार वाया गेले. मामांच्या मनात आलं, ह्याला बाहेर काढावं, नर्सकडून वेदनेचं इंजेक्शन द्यावं, अर्धा तास निजू द्यावं, मग परत घ्यावं. पण पुन्हा त्या बोगद्यात जायला हा तयार होईल का? आणि बाहेर दोन पेशंट खोळंबले होते. शेवटचे फोटो तर आहेतच, त्यात सगळं कळेल, असं म्हणून मामांनी औषध सोडलं.

आणि थांबायची वेळ आली.

"मामा, झालं?"

"थोडंच राहिलं. तुमच्या घरी कोण कोण असतं, ते सांगा बरं."

"मामा, मला बाहेर काढा." आवाज फुटला होता. "हात जोडतो तुमच्यापुढे. अहो, इथे रडायलासुद्धा जागा नाही."

रुंद खांद्यांचा माणूस आत लेकरासारखा हुंदके देत होता, आणि प्रत्येक हुंदक्याला बरगडी दुखत होती. मामांनी घड्याळाकडे पाहिलं. निम्मा वेळसुद्धा झाला नव्हता. त्यांनी घड्याळाकडे पाठ केली आणि बटण दाबलं.

हे इथे स्पष्टच सांगून टाकू, म्हणजे पुढे कुणी मामांची फुकट कीव करायला नको. मामांना कळत होतं. सगळा स्नायू चांगल्या स्नायूसारखा काळा दिसेपर्यंत त्यांनी मशीन जुळवून घेतलं, पटापट फोटो काढले आणि पेशंटला बाहेर ओढलं. तो उठून बसला, मामांचा हात दोन्ही हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही. मामांना त्या क्षणी स्वतःविषयी फार चांगलं वाटलं.

स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत बसत. मामांपेक्षा वयाने बऱ्याच लहान, कामाला चोख. शिकाऊ म्हणून आल्या तेव्हा मामांनीच त्यांना सगळी कामाची रीत दाखवली होती.

"मामा, सुजेचे फोटो काही कामाचे नाहीत," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "सगळी भिस्त शेवटच्या फोटोंवर आहे. वेळ पुरा दिलात ना?"

"हो. दिला की."

"मग प्रश्नच मिटला. स्वच्छ आहे."

त्यांनी फोटोंवर उमटलेली वेळ तपासून पाहिली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं. पण मामांनी हो म्हटल्यावर तपासतंय कोण?

संध्याकाळी मामा घरी आले, जेवले, बातम्या बघितल्या. मन जरा खात होतं, पण मामा मनाशी वाद घालण्यात तरबेज. काही आठवड्यांपूर्वीचा मार, हिंडता-फिरता माणूस, काय असायचंय त्याला? असलं तरी घरी पडून विश्रांती घेईल, आपोआप भरून निघेल. अशी सारवासारव करून ते झोपले, आणि झोप लागलीसुद्धा.

शनिवारी सकाळी तो बायकोसह खाली विभागात हजर. हृदयाच्या डॉक्टरांना भेटून थेट इकडेच आले होते. ह्या वेळी चपला त्याच्या पायात होत्या.

"मामा, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला! सोमवारपासून गाडीवर!" तो नर्सनासुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता. "काल तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर मी अर्ध्यातून पळून गेलो असतो. तुमच्यामुळे झालं हे."

"पोरांनी तर घरी येऊन येऊन भंडावलंय," बायको म्हणाली. "बसकाका कधी येणार, बसकाका कधी येणार."

"कसली पोरं?" मामांनी विचारलं.

"अहो, शाळेची बस चालवतो ना मी. बालवाडीपासून चौथीपर्यंतची. बसभर भरतात. एक तर रोज माझ्या मागे बसून माझ्या टकलावर बोटाने चित्रं काढते."

मामा हसले, काहीतरी बोलले, पण काय बोलले ते त्यांना नंतर आठवेना. ड्रायव्हर म्हणजे मालाची गाडी असेल असं त्यांनी धरून चाललं होतं. विचारलं नव्हतं. घरी कोण कोण असतं विचारलं होतं, गाडीत कोण असतं ते नाही.

दुपारी जरा मोकळीक मिळताच त्यांनी बसकाकांना फोन लावला. खरं सांगायचं एवढं एकच काम होतं. पण मामांनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"काल मशीनमध्ये जरा बिघाड होता हो. दोन-तीन फोटो परत घ्यावे लागतील. उद्याच्या उद्या येता का? मी सुट्टी असूनही येतो."

"बिघाड होता तर डॉक्टरांना स्वच्छ कसं दिसलं?"

"तसं नाही, आपलं खात्रीसाठी..."

बसकाका मोठ्याने हसले. "मामा, माझी काळजी वाटते तुम्हाला, कळलं मला. पण त्या बोगद्यात आता मी जन्मात जाणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही. अहो, काल तुमचा हात धरला तेव्हाच मला खात्री पटली." आणि फोन ठेवून दिला.

मशीनवर आळ घेऊन झाला, पण तो लागूसुद्धा पडला नाही. मामा फोन हातात धरून बसून राहिले. डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार चार पावलांवर होतं. ते उठले, दारापर्यंत गेले, आत बाईंचं हसणं ऐकू आलं आणि ते मागे फिरले. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत. चौकशी बसेल. हेडमास्तर डबा खाता खाता वर बघतील. ‘मामांनी असं केलं?’ असं लिफ्टवाला म्हणेल. हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. आणि सोमवारची बस? तीही आली, पण सगळ्यांत शेवटी आली. ते लक्षात आलं तेव्हा मामांना स्वतःची शिसारी आली.

रविवारी सकाळी मामी पडद्यांच्या कडा शिवायला बसल्या होत्या. त्यांचं शिवणकाम घरातच चालायचं. मामांनी चहात साखर घातली, थोड्या वेळाने पुन्हा घातली, आणि चहा तसाच ठेवला.

"कुणाचं काय बिघडवून आलात?" मामींनी मशीनवरचा हात न थांबवता विचारलं.

"कशावरून?"

"कालपासून माझ्याशी इतकं गोड बोलताय. उगाच बोलाल का?"

मामांनी सांगितलं. सगळं. बटण दाबलं ते, ‘दिला की’ म्हणाले ते, फोनवर मशीनचं नाव घेतलं तेही. सांगताना दोनदा म्हणाले, "त्याला इतकं दुखत होतं गं, मला बघवेना."

मामींनी शिवण थांबवलं. "त्या दिवशी त्याची दया आली. बरं. आता कुणाची येतेय?"

मामांनी गार झालेला चहा पुढे ओढला.

"उद्या सकाळी तो बस घेऊन निघेल. मध्येच अंधारी आली तर? एवढी एवढीशी पोरं हो ती." मामींचा आवाज चढला नव्हता; चढला असता तर मामांना बरं वाटलं असतं. "तुम्ही कुणाला दुखवायला नको म्हणून जपता, असं मी इतकी वर्षं कौतुकाने सांगत आले. तुम्ही जपता ते स्वतःच्या नावाला. उठा."

बसकाकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, मामा जिन्याने चढले. दार बायकोने उघडलं आणि आनंदाने आत वळून म्हणाली, "अहो, बघा कोण आलंय!" खोलीत टेबलावर इस्त्री तापत होती, खुर्चीच्या पाठीवर ड्रायव्हरचा निळा शर्ट घडी मोडून ठेवला होता. बसकाका बूट पुसत होते. त्यांनी हातातला बूट तसाच बाजूला सारून मामांना बसायला खुर्ची ओढली, आणि ओढताना बरगडीवर हात ठेवला. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांना सांगितलं, "हेच ते मामा. सांगत होतो ना? देवमाणूस."

"मी उभाच बरा," मामा म्हणाले.

म्हाताऱ्या गृहस्थांना काहीतरी उमगलं असावं. ते काठी घेऊन उठले आणि गेले.

"मशीनमध्ये बिघाड नव्हता," मामा म्हणाले. "मशीन चांगलं होतं. औषध दिल्यावर थांबायचं असतं, ते मी थांबलो नाही. तुमचे फोटो मी वेळेआधी काढले. तशा फोटोत मार दिसत नाही. असला तरी दिसत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, वेळ दिला का. मी हो म्हणालो. खोटं बोललो. तुम्ही उद्या बस चालवू नका."

शर्टाला इस्त्री करायला वळलेल्या बायकोच्या हातातली इस्त्री अधांतरी राहिली. मग तिने ती बंद केली.

बसकाका खाली बसले. त्यांनी तो बूट उचलून पुन्हा पुसायला घेतला.

"मीच म्हणालो होतो, बाहेर काढा म्हणून," ते शेवटी म्हणाले.

मामांना वाटलं, सुटलो. खरंच, त्या एका क्षणात त्यांना तसं वाटलं.

"मी तर म्हणणारच हो," बसकाका म्हणाले. "मला दुखत होतं, मी भ्यालो होतो. माझ्या बसमधली पोरं रोज म्हणतात. काका, आज दार उघडं ठेवा ना, गार वारं लागतं. काका, आज पट्टा नको ना, पोटाला काचतो. रडतात, पाया पडतात, एक तर मला चावली होती. ऐकतो का मी? हसून नाही म्हणतो. गाणं म्हणून नाही म्हणतो. पण नाहीच म्हणतो. कारण मला माहीत असतं आणि त्यांना माहीत नसतं." आता त्यांनी वर पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग मी रडलो काय आणि ओरडलो काय!" त्यांचा आवाज एकदम फाटला. छातीला कळ गेली असावी, ते वाकले. बायकोने पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मामांकडे तिने पाहिलंच नाही. "फोन लावा तुमच्या डॉक्टरांना. आत्ता. माझ्यासमोर. मला ऐकू येईल असा."

मामांनी फोन लावला. रविवारी मामांचा फोन म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी हसतच उचलला, "काय मामा, आज करमेना का?" मामांनी पुन्हा तेच सगळं सांगितलं. आता खोलीत दोघं ऐकत होते, त्यामुळे एक शब्दही इकडचा तिकडे करता येत नव्हता. पलीकडचं हसणं थांबलं होतं.

"बाई?"

"मी तुम्हाला विचारलं होतं, मामा." एवढंच. मग त्यांचा आवाज कामाचा झाला. उद्या सकाळी सगळ्यांत आधी पेशंटला बोलवा. आधी वेदनेचं इंजेक्शन देऊ. हृदयाच्या डॉक्टरांशी त्या स्वतः बोलतील. शाळेला पेशंटने आजच कळवावं. "आणि मशीनवर दुसरे बसतील. तुम्ही माझ्या शेजारी बसा. तुम्ही बघायचंय ते."

सोमवारी सकाळी हेडमास्तर मशीनवर होते. नर्सने इंजेक्शन दिलं, बसकाकांना अर्धा तास पडू दिलं. एवढंच करायचं होतं शुक्रवारी. इंजेक्शनचा असर झाल्यावर त्यांना श्वास धरता यायला लागला. हेडमास्तर म्हणाले, "हलू नका." बसकाका हलले नाहीत. औषध सोडलं. आणि मग थांबणं सुरू झालं.

डॉक्टरीणबाई आणि मामा शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसले होते. माइकमधून मध्येच बसकाकांचा आवाज आला, "अजून किती?" हेडमास्तर म्हणाले, "अजून आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "बाहेर काढता का?" हेडमास्तर म्हणाले, "नाही." जरा थांबून, कुणी न विचारता, ते आणखी एक वाक्य बोलले, "मी इथेच आहे." मामांनी मान खाली घातली. ह्या माणसाची ते इतकी वर्षं नक्कल करत आले होते.

पडद्यावर हृदय उमटलं. काळं, नीटस. आणि पुढच्या भिंतीत, नखाएवढा पांढरा डाग. लपलेला नाही, पुसट नाही. कुठल्याही शिकाऊ मुलीला दिसावा असा. सुजेच्या फोटोतही तीच जागा चमकत होती. डॉक्टरीणबाईंनी त्यावर बाण ठेवला, जुना शुक्रवारचा फोटो शेजारी उघडला. त्यात तीच भिंत स्वच्छ काळी होती.

"इथूनच ठोका चुकत असणार," त्या म्हणाल्या.

बसकाका बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना आणि बायकोला खोलीत बसवून सरळ शब्दांत सांगितलं. हृदयाला मार लागलेला आहे. बरा होतो बहुतेकांचा, पण वेळ लागतो. ठोके मोजणारं यंत्र काही दिवस छातीला लावून ठेवायचं, औषधं घ्यायची, आणि डॉक्टर सांगेपर्यंत कुठलंही वाहन चालवायचं नाही. शुक्रवारचा अहवाल चुकीचा होता. तो माझ्या सहीने गेला, त्याबद्दल मी माफी मागते.

डॉक्टरीणबाईंनी माफी मागितली तेव्हा मामांच्या कानशिलात कुणी मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

बसकाका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. "ह्या वेळेला मी पुलावर असतो," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंना पाणी. पोरं खिडक्यांशी गर्दी करतात, बदकं मोजतात." बायकोने तोंडावर पदर घ्यावा तसा हात घेतला आणि ती रडायला लागली, आवाज न करता.

"माझं चुकलं," मामा म्हणाले. "मी मुद्दाम..."

"मुद्दाम नाही केलंत. कळलं मला." बसकाकांच्या बोलण्यात आता राग नव्हता, नुसता थकवा होता. ते खुर्चीचा हात धरून उठायला लागले. मामा सवयीने पुढे झाले, प्रत्येक पेशंटला देतात तसा कोपराला आधार द्यायला. बसकाकांनी हात मागे घेतला. उभे राहिले, बायकोचा खांदा धरला, दारापर्यंत गेले. तिथे थांबून वळले.

"मामा, एक विचारू? तुमचं नाव मला माझ्या मेहुणीने सांगितलं. तिला तिच्या शेजारणीने. सगळे म्हणतात, मामांकडे गेलं की लवकर सुटका होते." ते क्षणभर अडखळले. "माझ्याआधी कुणाकुणाची अशी सुटका केलीत?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. त्यांची पावलं जिन्याकडे गेली.

खोलीत डॉक्टरीणबाई मामांकडे बघत होत्या. मामांना वाटत होतं की ठामपणे म्हणावं, कुणाचीच नाही, ही पहिलीच वेळ. ते वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं. बाईंनी ते ऐकूनही घेतलं असतं कदाचित. काचेपलीकडे हेडमास्तर पाटी पुसून जागेवर ठेवत होते.

बाईंनी बसकाकांची खुर्ची आपल्या पडद्याशेजारी ओढली. "बसा मामा," त्या म्हणाल्या. "किती मागे जायचंय?"

मामा बसले.

"मागच्या महिन्यात एक आजी आल्या होत्या," ते म्हणाले. "खूप खोकत होत्या. तिथपासून उघडा."